नावाची साक्ष आणि बियांची साक्ष : उत्तर अमेरिकेतील एका बीजभुंगेऱ्याचा इतिहास

१. प्रास्ताविक

कीटकाला मिळालेले शास्त्रीय नाव हे इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने एक दस्तऐवजच असते. ते कोणी दिले, कोणत्या साली दिले, कोणत्या नमुन्यावरून दिले, आणि देणाऱ्याला त्या प्राण्याविषयी काय ठाऊक होते, ह्या सर्व गोष्टींचा ठसा त्या दोन लॅटिन शब्दांत उमटलेला असतो. परंतु दस्तऐवज म्हटला की त्याची चिकित्साही करावी लागते. जुन्या कागदात लिहिले आहे एवढ्यावरून ते खरे मानण्याची चूक इतिहासाचा विद्यार्थी करीत नाही. शास्त्रीय नावांच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी पुष्कळदा पाळली जात नाही.

प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील एका बीजभुंगेऱ्याच्या नावाची अशी चिकित्सा करावयाची आहे. ॲम्ब्लिसेरस रोबिनिई हे त्याचे नाव. हे नाव वाचून कोणालाही वाटेल की हा कीटक रोबिनिया ह्या वृक्षाच्या बियांत वाढत असावा. वस्तुतः तो ग्लेडित्सिया ह्या निराळ्याच वृक्षाच्या बियांत वाढतो. ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ग्लेडित्सियाचे नाव धारण करणारा दुसरा एक अमेरिकन भुंगेरा आहे, कॅरिओब्रुकस ग्लेडित्सिई, आणि तो मात्र ताडवर्गातील एका वृक्षाच्या बियांत वाढतो. पहिल्याला दुसऱ्याच झाडाचे नाव मिळाले आणि दुसऱ्याच्या नावात पहिल्याचे झाड आले. ही नावे अनुक्रमे १७८१ व १७६३ ह्या साली दिली गेली, आणि आजही तीच प्रचलित आहेत.

ही गुंतागुंत कशी झाली, ती कोणत्या प्रकारच्या पुराव्याने उलगडली, आणि उलगडूनही नावे का बदलली नाहीत, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु कोणता कीटक कोणते बी खातो ह्या ज्ञानावर धान्याची कोठारे, वनांचे पुनरुज्जीवन आणि परदेशी झाडांचे नियंत्रण ही सर्व अवलंबून असल्यामुळे तो तसा नाही.

२. कीटकाचा आणि त्याच्या झाडाचा परिचय

महाराष्ट्रातील वाचकाला ह्या वर्गातील कीटक अपरिचित नाहीत. साठवणीतील मूग, चवळी वा हरभरा ह्यांच्या दाण्याला पडलेले गोल भोक, आणि चिंचोक्याला पडलेले तसेच मोठे भोक, ही दोन्ही ह्याच गटातील भुंगेऱ्यांची कामे होत. इंग्रजीत ह्यांना सोंडकिड्यांना लावतात तेच नाव लावण्याची प्रथा आहे. परंतु तांदळातील सोंडकिड्याला जशी लांब सोंड असते तशी ह्यांना नसते. शरीररचनेच्या दृष्टीने हे पानभुंगेऱ्यांचे आप्त असून आजच्या वर्गीकरणात त्यांना पानभुंगेऱ्यांच्या कुलातील ब्रुकिनी ह्या उपकुलात स्थान दिले जाते. साऱ्या जगात ह्यांच्या सुमारे १,७०० जाती ज्ञात आहेत. तेव्हा इंग्रजीतील त्यांचे सामान्य नाव हीदेखील एक जुनी चूकच आहे, आणि तीही तशीच टिकून राहिली आहे.

ह्या भुंगेऱ्यांचा जीवनक्रम थोडक्यात असा. मादी शेंगेवर किंवा बीवर अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी बीत शिरते, आतील गर खाऊन वाढते, आणि बहुधा तेथेच कोशावस्थेत जाते. शेवटी प्रौढ भुंगेरा बीचे आवरण गोलाकार कापून बाहेर पडतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग बाहेरच्या डोळ्यांना दिसत नाही. बाहेर हिंडणारा प्रौढ भुंगेरा एखाद्या फुलावर वा पानावर सापडला, तर तो कोठे जन्मला हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. त्याच्या जन्माचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे भोक पडलेले बी. ह्या एका गोष्टीत पुढील साऱ्या इतिहासाचे मर्म आहे.

ॲम्ब्लिसेरस रोबिनिई हा उत्तर अमेरिकेतील बीजभुंगेऱ्यांत आकाराने मोठ्यांपैकी होय. लांबी सुमारे सहा ते सात मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी, आणि पंखावरणांवर लहान काळे ठिपके, असे त्याचे रूप आहे. पिकांचा शत्रू नसल्यामुळे शेतकी खात्यांच्या पत्रकांत त्याचे नाव क्वचितच येते. त्याच्या प्रजातीतील बहुतेक जाती मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिका ह्या उष्ण प्रदेशांत राहतात. ग्लेडित्सियाच्या आश्रयाने हा मात्र बराच उत्तरेकडे पोहोचला आहे.

ग्लेडित्सिया ट्रायकॅन्थॉस हा वृक्ष मध्य उत्तर अमेरिकेतील, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. खोडावर तीन तीन फाट्यांचे भक्कम काटे, संयुक्त पाने, आणि वीस ते चाळीस सेंटिमीटर लांबीच्या, पिळलेल्या, तपकिरी शेंगा ही त्याची लक्षणे. शेंगेतील मगज गोड असतो. म्हणूनच त्यास इंग्रजीत ‘हनी लोकस्ट’ म्हणतात. गोड मगजात बसलेले कठीण बी, ह्या दृष्टीने आपल्या चिंचेशी त्याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. बीचे आवरण इतके टणक असते की ते खरवडल्याशिवाय वा अन्य मार्गाने मऊ झाल्याशिवाय पाणी आत शिरत नाही आणि अंकुर फुटत नाही.

३. अठराव्या शतकातील बियांचा प्रवास

ही नावे ज्या काळात दिली गेली तो काळ बियांच्या व्यापाराचा होता. फिलाडेल्फियाजवळ राहणारा जॉन बार्ट्रम हा शेतकरी-वनस्पतिज्ञ आणि लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन ह्यांनी १७३० च्या दशकापासून अमेरिकन बियांचा एक नियमित व्यवहार सुरू केला. सुमारे शंभर प्रकारच्या झाडाझुडपांच्या बिया एका पेटीत भरून त्या पाच गिनी दराने इंग्लंडमधील सरदारांना व बागशौकिनांना पाठविल्या जात. इंग्लंडमधील कित्येक उद्यानांत वाढलेल्या अमेरिकन वृक्षांचे मूळ अशा पेट्यांत आहे.

कीटकांच्या इतिहासाच्या दृष्टीने ह्या पेटीचे महत्त्व निराळे आहे. समुद्रप्रवासाला कित्येक आठवडे लागत. शंभर प्रकारच्या बिया एकमेकींशेजारी पडलेल्या. त्यांतील काहींत अळ्या दडलेल्या. प्रवास संपेतो त्यांचे भुंगेरे होऊन ते पेटीभर हिंडत असणार. अशी पेटी उघडणाऱ्याला भुंगेरा दिसेल. पण तो कोणत्या पुडीतून निघाला हे प्रत्येक पुडीतील बियांची भोके तपासल्याखेरीज त्याला कळणार नाही.

हे केवळ कल्पनेने रचलेले चित्र नव्हे. लिनिअसचा शिष्य पेर काल्म हा स्वीडिश प्रवासी सप्टेंबर १७४८ मध्ये फिलाडेल्फियास पोहोचला आणि १७५१ पर्यंत उत्तर अमेरिकेत राहिला. त्याचे प्रवासवृत्त १७५३ ते १७६१ ह्या काळात तीन भागांत प्रसिद्ध झाले. पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचा दक्षिण भाग येथील लोकांनी भुंगेऱ्याच्या उपद्रवामुळे वाटाण्याचे पीक घेणेच सोडून दिले होते, अशी नोंद त्याने केली आहे. स्वीडनला परतल्यावर त्याने बरोबर आणलेल्या वाटाण्यांची पुडी उघडली, तेव्हा तिच्यातून जिवंत भुंगेरे बाहेर येऊ लागले. ते निसटले तर साऱ्या देशावर ही आपत्ती आणल्याचे पाप आपल्या माथी येईल, ह्या भीतीने त्याने पुडी घाईघाईने पुन्हा बंद केली.

ह्याच वाटाण्याच्या भुंगेऱ्याला लिनिअसने १७५८ मध्ये, ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत, शास्त्रीय नाव दिले आणि त्याचे वसतिस्थान म्हणून उत्तर अमेरिका नमूद केली. आज आपणास ठाऊक आहे की वाटाणा हे पश्चिम आशियातून आलेले पीक आहे, आणि ब्रुकस ही प्रजातीही मूळची जुन्या जगातील आहे. हा भुंगेरा युरोपीय वसाहतकारांच्या वाटाण्याबरोबर अमेरिकेत गेला होता. लिनिअसने लिहिले ते पाहिलेल्या पुराव्याला धरूनच होते. पण तो पुरावा प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याचा होता, उगमाचा नव्हता. पाहुण्याला यजमान समजण्याचा हा प्रकार बीजभुंगेऱ्यांच्या इतिहासात वारंवार आढळतो. आपल्याकडील कडधान्याच्या भुंगेऱ्याला लिनिअसने त्याच ग्रंथात ‘चिनेन्सिस’, म्हणजे चीनचा, असे विशेषण दिले. आणि आज चवळी-मुगाच्या कोठारात तो सापडला तरी ते चिनी नाव त्यास चिकटलेलेच आहे.

४. दोन झाडे आणि दोन नावे

आता मूळ विषयाकडे वळू. १७६३ मध्ये अप्साला येथे ‘सेंच्युरिया इन्सेक्टोरम’ हा प्रबंध मांडला गेला. त्यात शंभर कीटकांचे वर्णन आहे. प्रबंधाचा प्रतिवादी विद्यार्थी बोआस योहान्सन होता आणि अध्यक्षस्थानी लिनिअस. त्या काळच्या प्रथेप्रमाणे विचार गुरूचा असून नाव शिष्याचे असे. ह्या प्रबंधात एका मोठ्या अमेरिकन भुंगेऱ्यास ‘ग्लेडित्सिई’ हे विशेषण मिळाले. ग्लेडित्सिया ही वनस्पति-प्रजाती लिनिअसच्या १७५३ च्या ग्रंथात आलेली होती, आणि बर्लिनच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख योहान गोटलीप ग्लेडिच ह्याच्या सन्मानार्थ तिचे नाव पडले होते. अशा रीतीने एका जर्मन वनस्पतिज्ञाचे नाव अमेरिकन झाडाला, आणि त्या झाडाचे नाव अमेरिकन भुंगेऱ्याला लाभले.

अठरा वर्षांनी, १७८१ मध्ये, लिनिअसचाच एक शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस ह्याने ‘स्पेसिएस इन्सेक्टोरम’ ह्या ग्रंथात दुसऱ्या एका अमेरिकन भुंगेऱ्याला ‘ब्रुकस रोबिनिई’ असे नाव दिले. फॅब्रिशियस हा मूळचा डेन्मार्कचा; १७७५ पासून तो कील विद्यापीठात प्राध्यापक होता. अमेरिकेत तो कधी गेला नव्हता. लंडनमधील धनिकांच्या संग्रहांत ठेवलेले नमुने पाहून त्याने हजारो कीटकांचे वर्णन केले. रोबिनिया हे झाडही लिनिअसनेच १७५३ मध्ये, पॅरिसचा राजोद्यानपाल झाँ रोबँ ह्याच्या स्मरणार्थ, नामांकित केलेले होते.

रोबिनिया आणि ग्लेडित्सिया ह्यांची गल्लत होणे अस्वाभाविक नव्हते. दोन्ही शेंगा येणारी, काटेरी, संयुक्त पानांची अमेरिकन झाडे. ह्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की इंग्रज वसाहतकार दोघांनाही ‘लोकस्ट’ म्हणत. एक ‘हनी लोकस्ट’ आणि दुसरे ‘ब्लॅक लोकस्ट’. ह्या शब्दाचा मूळ अर्थ भूमध्यसागरी प्रदेशातील गोड शेंगांचे कॅरोब हे झाड असा होता. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तो नव्या झाडांना लावला. एखाद्या संग्रहातील चिठ्ठीवर केवळ ‘लोकस्ट’ एवढेच लिहिले असेल, तर लॅटिनमध्ये त्याचे रोबिनिया होणार की ग्लेडित्सिया, हे चिठ्ठी वाचणाऱ्यावर अवलंबून राहिले असते. हे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. परंतु बोलभाषेतील नाव लॅटिनमध्ये नेताना दोन झाडे एक होऊ शकतात, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यास एक अंतर्गत पुरावाही उपयोगी पडतो. रोबिनियाची शेंग चपटी व लहान असून तिचे बी चार-पाच मिलिमीटर लांबीचे असते. सहा-सात मिलिमीटर लांबीचा भुंगेरा अशा एका बीत मावणेच कठीण. ग्लेडित्सियाचे बी मात्र जवळजवळ एक सेंटिमीटर लांब असते. नमुना आणि बी ही दोन्ही एकदा समोर ठेवून मोजली असती, तर रोबिनिया हे नाव सुचलेच नसते. पण संग्रहांतून भुंगेरा टाचणीला टोचलेला असे, आणि बी बागेत पेरण्यासाठी गेलेले असे.

५. नाव, प्रजाती आणि संगोपनाचा पुरावा

नावातील दुसरा भाग जसाच्या तसा राहिला तरी पहिला भाग, म्हणजे प्रजातीचे नाव, अनेकदा बदलला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्वतःची कीटकविद्या उभी राहिली. तिचा आद्य प्रवर्तक टॉमस से ह्याने १८३१ मध्ये इंडियाना संस्थानातील न्यू हार्मनी ह्या छोट्या गावी उत्तर अमेरिकेतील सोंडकिड्यांविषयीची पुस्तिका छापली. तीत अनेक बीजभुंगेऱ्यांची वर्णने होती. आज जगभर घेवड्याचा शत्रू म्हणून प्रसिद्ध असलेल्या भुंगेऱ्याचे लुइझियानाच्या नमुन्यांवरून केलेले पहिले वर्णन त्याच पुस्तिकेत आहे. ज्या भूमीत हे कीटक राहतात त्याच भूमीत राहणारा माणूस आता त्यांचे वर्णन करीत होता, हा बदल महत्त्वाचा होता.

फिलाडेल्फियाचा वैद्य जॉर्ज हेन्री हॉर्न ह्याने १८७३ मध्ये संयुक्त संस्थानांतील बीजभुंगेऱ्यांचे पुनरवलोकन प्रसिद्ध केले. त्यात रोबिनिई ही जाती स्पर्मोफेगस ह्या प्रजातीत घातली होती. स्पर्मोफेगस ही वस्तुतः जुन्या जगातील प्रजाती आहे. पुढे विसाव्या शतकात ही अमेरिकन जाती लिनिअसचा आणखी एक शिष्य थुनबेर्ग ह्याने १८१५ मध्ये स्थापिलेल्या ॲम्ब्लिसेरस ह्या नव्या जगातील प्रजातीत आली. अशा प्रकारे तिचा भौगोलिक पत्ता दुरुस्त झाला. तिच्या झाडाचा पत्ता मात्र नावात चुकीचाच राहिला.

झाडाचा खरा पत्ता सापडला तो ग्रंथालयात किंवा संग्रहालयात नव्हे, तर शेंगांनी भरलेल्या बरण्यांत. पद्धत साधी आहे. एका झाडाखालच्या शेंगा वेचाव्यात, झाड ओळखून त्याचा नमुना जतन करावा, शेंगा बरणीत घालून तोंड बांधावे, आणि जे बाहेर पडेल त्याची वाट पहावी. ह्या पद्धतीला संयुक्त संस्थानांत शिस्त लावणाऱ्यांत जॉन कोलबर्न ब्रिडवेल ह्याचे नाव अग्रगण्य आहे. हवाई बेटांतील बीजभुंगेरे व त्यांवर जगणारे परोपजीवी कीटक ह्यांवर त्याने १९१८ मध्ये लेखन केले. पुढे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहाच्या आधारे तो अमेरिकन जातींकडे वळला. ताडवृक्षांवरील भुंगेऱ्यांची प्रजातीवार मांडणी त्याने १९२९ मध्ये केली आणि कॅरिओब्रुकस ही प्रजाती तीत स्थापिली.

ह्या कॅरिओब्रुकसची कथा येथे उपयुक्त आहे. दक्षिण कॅरोलायना, फ्लोरिडा इत्यादी प्रदेशांत साबल पाल्मेट्टो नावाचा ताडवर्गातील वृक्ष सर्वत्र दिसतो. दक्षिण कॅरोलायनाने १९३९ मध्ये व फ्लोरिडाने १९५३ मध्ये त्यास आपला राज्यवृक्ष म्हणून मान्यता दिली. ह्याच्या जमिनीवर पडलेल्या टणक बियांत वाढणारा मोठा भुंगेरा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन संग्राहकांना चांगला ठाऊक होता. ते त्यास फॅब्रिशियसने दिलेल्या ‘आर्थ्रिटिकस’ ह्या नावाने ओळखत. ह्या नावात कोणत्याही झाडाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. पुढे तुलना करता असे आढळले की लिनिअसचा ‘ग्लेडित्सिई’ तो हाच. लिनिअसचे नाव आधीचे. म्हणून अग्रक्रमाच्या नियमानुसार निर्दोष नाव मागे पडले आणि सदोष नाव पुन्हा गादीवर बसले.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा येथे स्पष्ट निर्णय आहे : नाव अर्थाच्या दृष्टीने अयोग्य आहे एवढ्या कारणाने ते रद्द करता येत नाही. प्रथमदर्शनी हा नियम हट्टाचा वाटतो. पण त्यामागे शहाणपण आहे. ज्ञान बदलेल तसतशी नावे बदलू लागली, तर दोनशे वर्षांपूर्वीचा लेख आणि आजचा लेख एकाच प्राण्याविषयी बोलत आहेत की नाही हेच कळेनासे होईल. नावाचे काम खूण पटविणे हे आहे, वर्णन करणे हे नव्हे. ‘पांढरे’ आडनावाचा गृहस्थ सावळा असला म्हणून कोणी त्याचे आडनाव बदलीत नाही. अडचण नियमात नाही. नावाचा अर्थ लावून त्यालाच पुरावा मानणाऱ्या वाचकाच्या सवयीत ती आहे.

६. खऱ्या पत्त्याचे मोल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या विषयाला नवे वळण लागले. डॅनियल जॅन्झेन ह्या जीवशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये असा विचार मांडला की बियांचा आकार, संख्या, विषारीपणा आणि प्रसार ह्या साऱ्यांवर बीज खाणाऱ्या कीटकांचा दाब कारणीभूत असतो. पुढे कोस्टा रिकातील पानझडी अरण्यात बिया गोळा करून त्याने १९८० मध्ये दाखविले की बीजभुंगेऱ्यांपैकी बहुसंख्य जाती एकाच वनस्पतिजातीच्या बियांवर जगतात. ज्या कीटकाचे जीवन एका झाडाशी इतके बांधलेले आहे, त्याच्या झाडाचे नाव चुकणे ही तपशिलातील चूक राहत नाही. ती त्याच्या सबंध चरित्रातील चूक होते.

ग्लेडित्सिया आणि त्याचा भुंगेरा ह्यांचे चरित्र तर आणखीच जुने दिसते. ह्या झाडाच्या एवढ्या मोठ्या, गोड शेंगा कोणासाठी? आज मूळच्या अरण्यात त्या बव्हंशी झाडाखालीच पडून राहतात. जॅन्झेन व पॉल मार्टिन ह्यांनी १९८२ मध्ये मध्य अमेरिकेतील अशा मोठ्या फळांविषयी एक उपपत्ती मांडली : ही फळे हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, नामशेष झालेल्या हत्तीसदृश व अन्य प्रचंड प्राण्यांनी खाऊन बिया दूर नेण्यासाठी घडलेली असावीत. कॉनी बार्लो ह्या लेखिकेने २००० सालच्या आपल्या ग्रंथात हाच विचार ग्लेडित्सियालाही लावला. शेंगा खाणारे प्राणी नाहीसे झाले आणि झाडाखाली पडलेली मेजवानी भुंगेऱ्याच्या वाट्याला आली, असे ह्या उपपत्तीवरून म्हणता येईल.

प्राणी शेंग खातो तेव्हा बी दूर जाते एवढेच नव्हे, तर भुंगेऱ्याचाही डाव मोडतो. पूर्व आफ्रिकेतील बाभळींवर १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, शेंगा जनावरांनी वेळीच खाल्ल्या तर बियांतील कोवळ्या अळ्या पचनमार्गात मरतात आणि बी वाचते. शेंगा झाडाखाली पडून राहिल्या तर भुंगेरे पिढ्यानुपिढ्या त्याच बियांवर वाढतात. झाड, जनावर आणि भुंगेरा असा हा तिघांचा व्यवहार आहे, आणि त्यातील वेळेला फार महत्त्व आहे.

ग्लेडित्सियाच्या प्रसारात माणसाचाही वाटा होता. दक्षिण ॲपलाचियन पर्वतप्रदेशात रॉबर्ट वॉरेन ह्यांनी केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्या भागात ही झाडे आज जेथे उभी आहेत त्या जागा चेरोकी लोकांच्या पूर्वीच्या वस्त्यांशी जुळतात. चेरोकी लोक ह्या झाडाचे काटे, लाकूड व गोड मगज वापरीत. १८३० च्या दशकात त्यांना त्यांच्या भूमीतून बळाने हुसकावून लावण्यात आले. त्यांनी लावलेल्या झाडांचे वंशज मात्र तेथे राहिले. एका झाडाच्या विखुरणीत एका समाजाच्या विस्थापनाची खूण सापडावी, ही इतिहासाच्या अभ्यासकाने मनन करण्याजोगी गोष्ट आहे.

विसाव्या शतकात ह्या झाडाला नवे आश्रयदाते मिळाले. जे. रसेल स्मिथ ह्यांनी १९२९ मध्ये वृक्षशेतीवरील आपल्या ग्रंथात त्याच्या शेंगांची गुरांचे खाद्य म्हणून शिफारस केली, आणि टेनेसी खोरे प्राधिकरणाने अधिक साखरेच्या शेंगांचे वाण निवडले. दुसऱ्या बाजूने, १९४९ मध्ये काटे नसलेल्या ‘मोरेन’ ह्या वाणाचे पेटंट घेण्यात आले. रोगाने मेलेल्या एल्म वृक्षांच्या जागी अशी बिनकाट्याची व बहुधा शेंगाही न धरणारी झाडे अमेरिकन शहरांच्या रस्त्यांवर हजारोंनी लावली गेली. ह्या झाडांवर आपल्या भुंगेऱ्याला काही काम नाही. युरोपात शेंगा धरणारी ग्लेडित्सियाची झाडे शोभेसाठी लावली गेली होती. तेथे त्यांच्या बियांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मेगाब्रुकिडियस प्रजातीतील आशियाई भुंगेरे प्रथम इटलीत व पुढे अन्य देशांत सापडू लागले. अमेरिकन झाड, युरोपीय भूमी आणि आशियाई कीटक असा हा संयोग आहे. केवळ संग्रहाच्या ठिकाणावरून ह्या कीटकाचे नाव आज ठेवले असते, तर १७५८ ची चूक पुन्हा झाली असती.

खऱ्या पत्त्याचे व्यावहारिक मोल कोठे पडते ते दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून दिसेल. तेथे चारा व सावली ह्यांसाठी आणलेली अमेरिकन मेस्क्वीट झाडे, म्हणजे आपल्याकडील वेड्या बाभळीची जातभाई, रानोमाळ पसरली. त्यांना आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये अल्गारोबियस प्रॉसोपिस हा उत्तर अमेरिकन बीजभुंगेरा मुद्दाम सोडण्यात आला. असा कीटक परक्या देशात सोडताना पहिला प्रश्न हाच असतो की तो दुसरे कोणते बी खाईल काय? ह्याचे उत्तर नावात शोधता येत नाही. ते मूळ प्रदेशात शेंगांतून प्रत्यक्ष वाढविलेल्या भुंगेऱ्यांच्या नोंदींतच शोधावे लागते. तेथेही जनावरे शेंगा आधीच फस्त करीत असल्यामुळे भुंगेऱ्याचे काम मर्यादित राहिले. आफ्रिकेतील बाभळींचा धडा अमेरिकन मेस्क्वीटलाही लागू पडला.

७. समारोप

जॉन किंग्सोल्व्हर ह्यांनी २००४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील बीजभुंगेऱ्यांच्या संदर्भग्रंथात प्रत्येक जातीसमोर तिच्या आश्रयवनस्पतींची यादी आहे. त्यात रोबिनिई ह्या नावाखाली ग्लेडित्सिया आणि ग्लेडित्सिई ह्या नावाखाली साबल, हे वाचताना नवख्या विद्यार्थ्याला मुद्रणदोष झाल्याचा भास होतो. तो मुद्रणदोष नाही. नाव अठराव्या शतकातील संग्रहाची साक्ष देते आणि यादी विसाव्या शतकातील बरणीची. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. मात्र त्या निरनिराळ्या गोष्टींविषयी आहेत. पहिलीवरून माणसांना त्या काळी काय ठाऊक होते ते समजते, दुसरीवरून कीटक काय करतो ते.

आपल्याकडील संग्रहांच्या दृष्टीनेही ह्यातून एक साधा नियम निघतो. चिंचोका असो, आपट्याची शेंग असो वा पळसाचे बी असो. त्यातून भुंगेरा निघाला तर तो एकटाच टाचणीला लावू नये. ज्या बीतून तो निघाला ते भोक पडलेले बी त्याच टाचणीखाली डबीत ठेवावे, झाडाचा नमुना वनस्पति-संग्रहात जमा करावा, आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालावा. चिठ्ठीवर झाडाचे स्थानिक नाव लिहिणे इष्टच आहे. परंतु ‘लोकस्ट’ ह्या एका शब्दाने दोन झाडे कशी एक होऊ शकतात ते ध्यानात ठेवून त्या नावावर विसंबू नये. १७८१ साली एखाद्या लंडनच्या पेटीत भुंगेऱ्याशेजारी त्याचे बी राहिले असते, तर फॅब्रिशियसला दुसरे नाव सुचले असते, आणि पुढील दोनशे वर्षांच्या विद्यार्थ्यांना ही चूक प्रत्येक वेळी नव्याने समजावून घ्यावी लागली नसती.